पाद्रीच्या छातीवरचे ठिपके

३ मे

ही वही ड्रीका आंटींनी दिली. पुढून कामाची नोंद लिहायची: तारीख, घर नंबर, पक्षी कोणता, फोटो किती. मागून मी हे लिहिणार आहे. आंटींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जवळचं काही वाचता येत नाही, त्यामुळे भीती नाही.

काम असं. आमच्या स्कल्पबायच्या किनाऱ्यावर यंदा पेंग्विनच्या एकशे अठरा जोड्या उरल्यात. मी शाळेत होतो तेव्हा सहाशे होत्या. प्रत्येकाच्या पांढऱ्या छातीवर काळे ठिपके असतात, कुणाला चार, कुणाला अकरा, आणि एकाचे दुसऱ्यासारखे नाहीत. मोठा झाल्यावर उमटले की मरेपर्यंत तेच. आंटींनी तेवीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी ठिपके ओळखले आणि वह्यांमध्ये काढून ठेवले. आता डोळे दगा देतायत, म्हणून कॅमेरा घेतला, आणि कॅमेऱ्यामागे मी. दीड वर्ष फोटोग्राफी शिकलो, तेवढंच माझं भांडवल.

दीडच का, तेही लिहून टाकतो. परीक्षेत पुढच्या बाकावर ब्रॉनविन होती आणि तिच्या शेजारी तो रिकार्डो. तिनं त्याला आपलं खोडरबर दिलं. माझ्याकडे खोडरबर नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मी पेपर फाडला, खुर्ची लाथाडली आणि थेट गावाची बस धरली. आई म्हणते, एका खोडरबरापायी कॉलेज पुसून आलास. आईला यातलं काही कळत नाही.

कुंपणावर गस्त घालणारे एक म्हातारे आहेत, त्यांना मी आज "मिस्टर गर्ट" म्हणालो. शहरातली सवय.

"मिस्टर? मिस्टर तुझा मास्तर! तुझ्या बापाबरोबर एका बोटीत ओकलोय मी. ऊम म्हण, नाहीतर कान उपटीन."

ऊम म्हणजे आमच्याकडे काका. तर ऊम गर्ट.

६ मे

तीन दिवसांत दोनशे फोटो काढले. कामाचे सात. घरात, म्हणजे त्यांच्यासाठी चढणीवर मांडलेल्या नंबरच्या खोक्यात, पक्षी छातीवर बसलेला असतो, आणि उठला तरी छाती चिखलानं आणि शिटेनं इतकी माखलेली की ठिपका कुठला आणि घाण कुठली ते कळत नाही. आंटींना सांगितलं तर म्हणाल्या, "नवरदेवाचा फोटो मोरीत काढतात का रे? आंघोळ करून बाहेर आल्यावर काढ की."

म्हणजे संध्याकाळी, ते समुद्रातून परत येताना.

आज साडेचारपासून वाळूवर पोटावर पडून होतो. कोपरं ओली, दातांत वाळू. आधी पाण्यात काळा डाग दिसला. मग पाच जण फेसात उभे राहिले आणि पुढे कुणीच येईना, चर्चच्या दारात आधी आत कोण जाणार म्हणून लोक घुटमळतात ना, तसे. मग एक निघाला. लाटेनं त्याला मागून असा ढकलला की तोंडावर आपटला, खडकावरून घसरला, उठला, अंग झटकलं आणि चालू लागला. कोण हसलं ते बघायला त्यानं मान वळवली नाही. मी पडलो असतो तर आधी तेच बघितलं असतं, आणि हसणाऱ्याच्या अंगावर गेलो असतो.

अंग झटकलं की छाती एक क्षण धुतलेल्या बशीसारखी दिसते. त्या क्षणी बटण. आज बावीस फोटो, सगळे कामाचे.

दिवसभर वीस-पंचवीस मैल पोहून, मासा सापडला तर पोटात भरून, तो स्वतःसाठी न ठेवता चढण चढत घरी आणायचा. दोन फूट उंचीचा जीव. मी आईला दुकानातून पाव आणून द्यायचा तर दोनदा सांगावं लागतं.

१४ मे

घर नंबर ६३ मध्ये दोन पिल्लं निघाली. राखाडी लोकरीचे दोन गोळे, माना अजून धरता येत नाहीत.

६३ म्हणजे आंटींचं लाडकं घर. इथल्या नराला सगळे पाद्री म्हणतात. नाव ऊम गर्टनी ठेवलं, कारण तो चढण अशी चढतो की जणू वर व्यासपीठ आहे आणि खाली बसलेले सगळे पापी. वय एकवीस. मादीला अर्थातच पाद्रीणबाई. अकरा वर्षं झाली, तेच घर, तीच जोडी. एक जण समुद्रावर, एक जण घरात. बदली करायला दुसरा आला की दोघं चोच आकाशाकडे करून गाढवासारखं ओरडतात, आणि मग आतला बाहेर पडतो. जो घरात असतो तो दुसरा येईपर्यंत हलत नाही. काहीही झालं तरी हलत नाही, आंटी म्हणाल्या.

पाद्रीणबाईंचा फोटो झाला. पाद्री काही सापडत नाही, मी एका वाटेवर असलो की तो दुसरीकडून वर जातो.

पाद्रीणबाई पिल्लांवर पंखाची सावली धरून बसल्यात असा एक फोटो ब्रॉनविनला पाठवला. तिचा अंगठा आला. नुसता अंगठा. पण चार मिनिटांत आला, म्हणजे फोन हातातच धरून बसली होती.

२० मे

आंटी आज शहरात गेल्या, डोळ्याच्या शस्त्रक्रियेला. आधी उजवा. मग तपासणी होईपर्यंत लेकीकडे राहणार.

जाताना वह्यांची पत्र्याची पेटी दाखवली. सतरा वह्या. "मी आले की दोघं बसून जोड्या लावू. तुझा फोटो आणि माझं चित्र. तोवर वह्यांना हात लावायचा नाही. त्या वाचायची माझी एक रीत आहे."

"चित्रं तर आहेत, त्यात रीत कसली?"

"एल्रॉय."

"हो, आंटी."

"आणि पाद्रीचा फोटो काढून ठेव. पट्टी सुटली की आधी त्याला बघायचंय. पोरीच्या घरात तिच्या नवऱ्याचं तोंड बघत बसायचंय मला, निदान मोबाइलात तरी काहीतरी चांगलं असू दे."

ऊम गर्ट त्यांची पिशवी बसमध्ये ठेवून आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, कुंपण गंजलंय.

२४ मे

ब्रॉनविनला आत्तापर्यंत एकतीस फोटो पाठवले. कालच्यावर "छान" असं लिहिलंय. शब्द आहे, अंगठा नाही. प्रगती आहे.

२८ मे

आजचं आजच लिहिणार.

दुपारी ब्रॉनविनचं स्टेटस बघितलं. ती आणि रिकार्डो, कुठल्यातरी डोंगरावर. त्याचा हात तिच्या खांद्यावर. आधी वाटलं, बाकीचे मित्र चौकटीबाहेर असतील, जागा कमी पडली म्हणून हात ठेवला असेल. मग मोठं करून बघितलं. जागा भरपूर होती.

संध्याकाळी तरी कामावर गेलो. नेमका आज पाद्री सापडला. पहिल्यांदा. सव्वापाचला एकटाच पाण्यातून आला, माझ्यापासून चार-पाच हातांवर थांबला, अंग झटकलं आणि छाती पुढे काढून समोर उभा राहिला. मी आजवर काढलेल्या फोटोंत त्याच्यासारखा फोटो नाही. डोळ्यावरची गुलाबी कातडी, छातीवरची काळी कमान, आणि कमानीखाली ठिपके. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक. मग तो आपल्या त्या चालीनं वर निघाला.

आणि मला काय बुद्धी झाली, आंटींच्या खोलीत गेलो, पेटी उघडली, आणि ६३ चं पान काढलं.

चित्रात तीन ठिपके डावीकडे. एक उजवीकडे.

माझ्या फोटोत तीन उजवीकडे. एक डावीकडे.

मी तीनदा बघितलं. हा पाद्री नव्हताच! कुणीतरी दुसराच, त्याच चालीची नक्कल करत त्याच्या घरात शिरत होता. खरा पाद्री मेला असेल समुद्रात, आणि बाईंनी अकरा वर्षांनंतर आठ दिवसही कळ काढली नाही. आणि परका नर पिल्लं मारतो, हे आंटींनीच सांगितलं होतं.

मी धावत ६३ वर गेलो. तो दाराशी उभा राहून ओरडत होता, आणि ती आतून उत्तर देत होती. आनंदानं देत होती! मी ओरडलो, हात हलवले. तो हलला नाही. उलट माझ्या बुटावर चोच मारली. मग मी जॅकेट काढलं आणि ते झटकत झटकत त्याला चढणीवरून खाली हाकललं. तो दोनदा पडला. दोनदा वळून वर यायला बघितलं. शेवटी पाण्यात ढकलल्यासारखाच गेला. मी किनाऱ्यावर उभा राहून ओरडलो, "दुसऱ्याच्या घरात परत पाऊल टाकलंस तर बघ!"

माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. कुणीतरी उभं राहायला हवंच होतं.

२९ मे

वायव्येचं वादळ आलंय. लाटा भिंतीवरून उडतायत. एकही पक्षी वर आला नाही, एकही गेला नाही.

ऊम गर्टना कालचं सांगितलं. ते कॉफी पीत होते, कप खाली ठेवला.

"तू पेंग्विनला हाकललंस?"

"परक्याला."

"परका होता हे कुणी सांगितलं?"

"आंटींच्या वहीनं."

वह्यांतलं त्यांना काही कळत नाही, ते चालीवरून ओळखतात. थोड्या वेळानं म्हणाले, "काल वर जाताना मीही त्याला बघितला. मला तर पाद्रीच वाटला." आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "म्हातारा झालोय."

पावसात करायला काही नव्हतं, म्हणून बाकीचे फोटो वहीशी लावत बसलो. पेटी एकदा उघडलीच होती. घर १२ चा नर: चित्राशी जुळत नाही, उलटा. म्हणजे परका. घर १९ ची मादी: परकी. घर २७: दोघंही परके!

आधी संताप आला. सगळं गावच बिघडलंय असं वाटलं. मग ४०, ४४, ५१. सगळे उलटे. चाळिसाव्या पक्ष्याला मी हात थांबवला. एक तर इथल्या सगळ्यांनी एकमेकांच्या बायका पळवल्यात, नाहीतर मी काहीतरी गाढवपणा केलाय.

६३ वर जाऊन आलो. पाद्रीणबाई पिल्लांवर बसून आहेत. पाणी घरात शिरत होतं तर पाठ दाराकडे करून बसल्यात, सगळा पाऊस पाठीवर. पिल्लं चोचीत चोच घालून मागतात. एकदा त्यांनी मान खाली करून थोडंसं काढून दिलं. दुसऱ्यांदा मान खाली केली, पण काही निघालं नाही.

३० मे

आंटींना फोन केला. कसं सुरू करावं कळेना. म्हणालो, "आंटी, मन घट्ट करा. तुमच्या ६३ मध्ये परका नर दिसला."

"पेटी उघडलीस." त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"हो."

"बरं. आता उघडलीच आहेस तर सांग, कशावरून परका?"

"वहीत तीन ठिपके डावीकडे आहेत. फोटोत डावीकडे एकच."

"डावीकडे म्हणजे कुणाच्या?"

मी वहीचं पान पुन्हा उघडलं.

"मूर्खा, कुणाच्या डाव्या हाताला? तुझ्या की त्याच्या?"

"फोटोच्या."

"फोटोला हात असतात का?" मग त्या लहान मुलाला सांगावं तसं बोलल्या. "मी पक्षी बघते, आणि ठिपके माझ्या छातीवर बोटानं लावून घेते. त्याच्या डावीकडचे माझ्या डावीकडे. मग घरी येऊन स्वतःच्या छातीकडे बघत चित्र काढते. शर्ट त्याचा आहे, एल्रॉय. ज्याचा शर्ट, त्याची डावी-उजवी. पाद्रीचे तीन ठिपके त्याच्या काळजावर आहेत, मी रोज इथं हात लावायचे."

त्याचं डावं म्हणजे समोरून बघणाऱ्याचं उजवं. हे दुसरीतल्या पोराला कळतं.

"म्हणजे तो आलाय ना परत?" आंटी विचारत होत्या. "कसा आहे? फोटो नीट आलाय?"

"खूप छान आलाय," मी म्हणालो.

"मग पाठव की."

"इथं रेंज नाही," म्हणालो, आणि फोन ठेवला. फोनवरच बोलत होतो आणि रेंज नाही म्हणालो.

दुपार. वादळ थोडं उतरलंय. बाकीच्या घरांत एकेक जण परततोय. ६३ मध्ये नाही.

ऊम गर्टना सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "तो एकवीस वर्षांचा आहे रे. या समुद्रात." मग नियम सांगितला: एक पालक नाही आणि पिल्लांचं वजन उतरलं की शहरातल्या पक्षी-केंद्राची गाडी बोलवायची. ते पिल्लांना हातानं भरवून वाढवतात. पिल्लं जगतील बहुतेक. पण पाद्रीणबाई रिकाम्या घरात बसतील, आणि पाद्री आला तर त्याला घरात काहीच सापडणार नाही. अशी मोडलेली जोडी पुढच्या वर्षी परत येईलच असं नाही. एकशे अठराच्या एकशे सतरा.

गाडी परवा सकाळी येणार. ऊम गर्टनीच फोन केला. माझ्याकडे न बघता केला.

संध्याकाळी पाच ते साडेसहा बायनॉक्युलर लावून बसलो. पाद्रीणबाईंचं खरंच कळत नाही. परवापासून पोटात काही नाही. समुद्र पन्नास पावलांवर आहे, वास येतो, आवाज येतो, शेजारचे खाऊन येतात, त्यांच्या घरी आनंदानं आरडाओरडा चालतो. उठून गेल्या असत्या तर कुणी काय म्हटलं असतं? पण उठत नाहीत. पिल्लं पळवणारा कुरव पक्षी छतावर टपून बसलाय, त्याच्यावर एक डोळा. मध्येच मान वर करून एकट्याच ओरडतात. कुणी उत्तर देत नाही. थोडं थांबतात. पुन्हा ओरडतात.

यांनाच मी बेइमान समजलो होतो.

३१ मे

आंटी आज सकाळच्या बसनं आल्या. तपासणी उद्या होती. फोन ठेवल्यावरच त्यांना काहीतरी खटकलं म्हणे. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, डावा अजून तसाच धुरकट. बसमधून उतरल्या त्याच "कुठे आहे तो?" म्हणत. मला आधी वाटलं, मलाच विचारतायत.

मी सांगितलं. बसथांब्यावरच, ऊम गर्टसमोर, दुकानदारीणबाई दारात उभी असताना. पेटीपासून जॅकेटपर्यंत सगळं. स्टेटसचंही सांगितलं, कारण त्याशिवाय बाकीचं खोटंच वाटलं असतं.

आंटी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरगी तिकडे दुसऱ्याबरोबर डोंगरावर गेली, म्हणून तू इकडे माझ्या पाद्रीला समुद्रात घातलास."

"हो."

"दुसऱ्या कुणाला घालायचं सुचलं नाही? गर्ट होता की इथं."

ऊम गर्ट म्हणाले, "मला पोहता येत नाही."

"म्हणून तर."

कुणी हसलं नाही. पण मला श्वास घेता आला. मग आंटी ६३ वर गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, पिल्लांना हात न लावता बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. उठल्या तेव्हा तोंड उतरलं होतं. "धाकट्याचा आवाज बसलाय. उद्याची गाडी बरोबर आहे. आजची संध्याकाळ आहे आपल्याकडे."

साडेचारला आम्ही तिघं भिंतीच्या आडोशाला बसलो. वारा पडला होता, पाणी शिशासारखं. आंटींना लांबचं धूसर दिसतं, म्हणून मी बघायचं आणि सांगायचं. कॅमेरा मी घेऊन आलो होतो, पण तो पायाशी ठेवला होता.

चार जण आले, ते नव्हेत. सात जण आले, नव्हेत. सूर्य खडकाला टेकला. मग फेसात एकटा.

"एक आहे," मी म्हणालो.

"कसा उभा आहे?"

"ताठ. मान जरा मागे."

"चालतोय?"

"नाही. डावा पाय उचलून धरलाय. आता निघाला. लंगडतोय, पण…" मी मान जरा वर काढली. "पण खाली बसलेले सगळे पापी आहेत असाच चालतोय, आंटी."

आंटींनी माझं मनगट धरलं. इतकं की अजून वळ आहे.

तो दहा पावलं आला आणि थांबला. इकडेच बघत होता. आम्ही भिंतीआड होतो, पण तिथून माझं डोकं दिसत असणार. त्यानं एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. एक लाट आली, त्याच्या पोटापर्यंत.

मी पुटपुटलो, "काय झालं त्याला?"

"तू झालास," आंटी म्हणाल्या. आवाज शांत होता. "तो तुला ओळखतो. तू आहेस तोवर तो वर येणार नाही. जा."

"पण मला…"

"एल्रॉय. सूर्य गेला की तो रात्र पाण्यात काढील आणि सकाळी गाडी येईल. सरपटत जा, उभा राहू नकोस, आणि मागे बघू नकोस. तुझा चेहरा त्याला दिसता कामा नये."

मी गेलो. भिंतीच्या कडेकडेनं कोपरांवर सरपटत, रस्त्यापर्यंत, तिथून पार्किंगच्या शौचालयामागे. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. तिथं एक बाई लेकराचे हात धुवत होती. तिनं मला बघितलं आणि लेकराला घेऊन घाईनं गेली.

किती वेळ गेला माहीत नाही. लाटा, कुरव, लांबून एक मोटार. मला एवढंच वाटत होतं की आपण आधी कितीतरी वेळा निघून गेलोय, कॉलेजातून, घरातून, वर्गातून, दार आपटून. कुणाला तरी आत येता यावं म्हणून निघून जायची ही पहिलीच वेळ.

मग वरून ते गाढवासारखं ओरडणं आलं. एकटीचं. ते तर मी दोन दिवस ऐकत होतो. ती थांबली.

आणि दुसऱ्या आवाजानं उत्तर दिलं.

मग दोघं एकदम, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या घरांतलेही ओरडायला लागले, आणि सगळी चढण ओरडत होती. मीही भिंतीकडे तोंड करून ओरडत होतो, काय ते माहीत नाही.

अंधार पडायच्या आत आंटी रस्त्यावर आल्या, ऊम गर्टच्या हाताला धरून. "आला," म्हणाल्या. "हडकलाय. पायाला जखम आहे, कुठल्यातरी खडकानं कापलंय. पण पोट भरून आणलंय त्यानं. असल्या समुद्रातून. दोघांनाही भरवलं, धाकट्याला आधी."

"आणि तिनं काय केलं?"

"तिनं? आधी शिव्या दिल्या. सगळ्या दिल्या, एक ठेवली नाही. मग जागा दिली."

ऊम गर्ट डोळे पुसत होते. वाळू गेली म्हणाले. वारा पडून दोन तास झाले होते.

आंटींनी शिक्षाही तिथंच सांगितली: पिल्लं समुद्रात जाईपर्यंत मी साठ ते सत्तर नंबरांच्या रांगेत पाय ठेवायचा नाही. दोन महिने. बाकीची घरं माझी. आणि सगळे फोटो वहीशी पहिल्यापासून पुन्हा लावायचे, त्यांच्यासमोर, प्रत्येक ठिपका स्वतःच्या छातीवर बोट ठेवून.

घरी आलो, जेवलो. आईनं मासा तळला होता. ब्रॉनविनला आज काहीच पाठवलं नाही. पाठवायचं नाही असं ठरवलं नव्हतं, राहून गेलं.

१ जून

गाडी आली आणि रिकामी परत गेली. पिल्लांची वजनं घेतली, कमी आहेत, पण चालतील. पाद्रीच्या पायाला औषध लावलं. औषध लावणाऱ्यालाही त्यानं चोच मारली, हे ऊम गर्टनी मला दोनदा सांगितलं, खूप बरं वाटत असल्यासारखं.

मी खालच्या वाटेवर होतो, घर नंबर एकची तयारी करत. सकाळचे आठ. वरून कुणीतरी येत होतं. बघितलं तर पाद्रीणबाई. चार दिवसांनी घराबाहेर. पोट आत गेलेलं, छाती चिखलानं काळी, पाठीवरची पिसं वाळून उभी राहिलेली, आणि चाल अशी घाईची की दर चौथ्या पावलाला पंख पसरून तोल सावरावा लागत होता. वाट अरुंद आहे. मी झुडपात अंग चोरून उभा राहिलो. वाटलं, आता थांबेल. माझा आवाज तिनंही ऐकला होता, माझं जॅकेट बघितलं होतंच. मागे वळेल, ओरडेल, चोच तरी मारेल. मारायलाच हवी होती.

ती माझ्या बुटाला घासून गेली. मी तिथं दगड असतो तरी तशीच गेली असती. तिला भूक लागली होती आणि समोर समुद्र होता.

पाण्याच्या कडेला पहिली लाट आली, तरी ती घुटमळली नाही. पोटावर पडली आणि आत गेली. थोडं पुढे एकदा काळं डोकं वर आलं. इतके दिवस त्या घरावरून तिनं नजर काढली नव्हती, पण आता एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं. घरी माणूस होता.